एकवीस आकडी संख्येचा ताळा

गेल्या महिन्यातील एका रविवारी आमच्या वस्तीतील समाजमंदिराच्या फळ्यावर सकाळी दहा वाजता एक संख्या लिहिली गेली. दुपारी मुले जेवायला घरी गेली, नळाला पाणी आले आणि गेले, तरी ती संख्या कोणी पुसली नाही. ती संख्या अशी :

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७

वाचकहो, आकडा पाहून पान उलटू नका. हे एकंदर एकवीस आकडे आहेत. जुन्या अंकगणितात एकं, दहं, शतंपासून परार्धापर्यंत अठरा घरे सांगितलेली आहेत. ही संख्या परार्धाच्याही डावीकडे तीन घरे सरकली आहे. चौदाशे पंचाहत्तर परार्ध आणि वर काही, असे तिचे वाचन करता येईल. तिच्याबद्दल एका विद्वानाने केलेले चुकीचे विधान दोनशे बत्तीस वर्षे कोणाला खोडता आले नव्हते. ते कसे खोडले गेले आणि आमच्या वस्तीतील मुलांनी त्याची खात्री कशी करून घेतली, तेच आज सांगावयाचे आहे.

आम्ही दर रविवारी आठवी ते दहावीच्या मुलांचा अभ्यासवर्ग घेतो. वर्गात नववीतील एक मुलगी आहे. मराठी चांगले, इतिहास चांगला, परंतु गणिताच्या चाचणीत वीसपैकी चार गुण मिळाले. त्या दिवशी ती वर्ग सुटल्यावर थांबली आणि म्हणाली, ‘‘काका, मी बँकेच्या परीक्षेचा नाद सोडला. मोठा आकडा दिसला की हातपाय गळतात. हे आपल्यासारख्यांचं काम नाही.’’

‘आपल्यासारख्यांचं’ हा शब्द आम्हाला लागला. कारण तो आम्हीही एकदा ऐकला होता, दुसऱ्याच्या तोंडून. त्याबद्दल पुढे येईलच. आम्ही तिला एवढेच म्हटले, ‘‘बाळ, पुढच्या रविवारी ये. सगळ्यात मोठा आकडा फळ्यावर मांडू आणि तूच तो तपास.’’

प्रथम ही संख्या येते कुठून ते पाहू. एक घ्या, त्याची दुप्पट करा. दोन. पुन्हा दुप्पट, चार. मग आठ, सोळा, बत्तीस. अशी दुप्पट दहा वेळा केली की १,०२४ होतात. वीस वेळा केली की १०,४८,५७६ म्हणजे दहा लाखांच्या वर. तीस वेळा केली की १०७ कोटींच्या वर. दुपटीची चाल आधी मुंगीची वाटते आणि मग आवरत नाही. अशी सदुसष्ट वेळा दुप्पट करावी आणि आलेल्या संख्येतून एक वजा करावा. जे उरते ते फळ्यावरचे एकवीस आकडे. गणिताच्या भाषेत, दोनचा सदुसष्टावा घात वजा एक.

बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट पुष्कळांनी ऐकली असेल. पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे चौसष्ट घरे भरायचे म्हटले तर राजाचे कोठार रिकामे होते. त्या पटाला आणखी तीन घरे जोडली तर एकंदर दाणे आपल्या संख्येइतके होतील.

येथे जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. ‘तुम्ही फक्त दोन माणसे आणा, ती दोघे आणखी दोन-दोन आणतील,’ असे सांगणारी साखळी योजना वस्तीत कोणी घेऊन आला तर त्याला हाच हिशेब दाखवावा. एक, दोन, चार, आठ अशा एकतीस पायऱ्या झाल्या की लागणारी माणसे होतात २,१४,७४,८३,६४७, म्हणजे दोनशे चौदा कोटींच्या वर. आपल्या देशाची लोकसंख्या आज १४० कोटींच्या वर आहे, दोनशे चौदा कोटी नाही. म्हणजे देशातले प्रत्येक तान्हे मूल सभासद केले तरी एकतिसावी पायरी भरत नाही. खालच्या पायरीवर जे असतील त्यांचे पैसे गेलेच म्हणून समजा.

आता मूळ मुद्दा. जिला एक आणि स्वतः याखेरीज दुसऱ्या कोणत्याही संख्येने पूर्ण भाग जात नाही, ती मूळ संख्या. जसे ७, ३१, १२७. जिला भाग जातो ती संयुक्त. १५ ही संयुक्त, कारण ३ पाचे १५. फ्रान्समध्ये मर्सेन नावाचे एक धर्मोपदेशक होऊन गेले. गणिताची त्यांना मोठी आवड. दोनचा कोणता घात घेऊन एक वजा केला असता मूळ संख्या मिळते, याची यादी त्यांनी १६४४ साली आपल्या ग्रंथात छापली. दोनचा दुसरा घात वजा एक म्हणजे ३, तिसरा ७, पाचवा ३१, सातवा १२७, या सर्व मूळ संख्या आहेत. पण अकरावा घात घेतला की २,०४७ येतात आणि येथे फसगत होते, कारण २,०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. म्हणजे काही घात चालतात, काही चालत नाहीत. मर्सेन यांच्या यादीत सदुसष्ट हा घात ‘चालतो’ म्हणून लिहिला होता. अर्थात आपली एकवीस आकडी संख्या मूळ आहे, तिला कशानेही भाग जात नाही, असा त्याचा अर्थ.

मर्सेन लबाड नव्हते. त्या काळी एवढ्या संख्येची तपासणी करण्याचे साधनच नव्हते. यादीतला एकतीस हा घात बरोबर निघाला. वर साखळी योजनेत आलेली २,१४,७४,८३,६४७ ही संख्या मूळ आहे, हे ऑयलर या गणितज्ञाने १७७२ साली सिद्ध केले. पण पुढे यादीत दोन्ही प्रकारच्या चुका निघाल्या. सदुसष्ट आणि दोनशे सत्तावन्न हे घात यादीत नको होते. एकसष्ट, एकोणनव्वद आणि एकशे सात हे हवे होते, ते सुटले होते. एकसष्टची चूक रशियातील पेर्वूशिन नावाच्या एका धर्मोपदेशकाने १८८३ साली दाखवून दिली. विद्यापीठातला प्राध्यापक नव्हे, खेड्यातला माणूस.

सदुसष्टबद्दलची पहिली शंका मात्र १८७६ साली खरी ठरली. फ्रान्समधील ल्युकास या गणितज्ञाने एक कसोटी शोधली आणि तिच्या आधारे सांगितले की ही संख्या मूळ नाही. तिला भाग जातो. कशाने जातो? ते मात्र त्या कसोटीतून कळत नव्हते.

मुलांना हे पटेना. एक मुलगा म्हणाला, ‘‘काका, भाग कशाने जातो ते माहीत नाही, तर भाग जातो हे कसं कळलं?’’ प्रश्न योग्य होता. त्याचे उत्तर द्यायला आम्हाला आमची कारकुनी उपयोगी पडली.

ज्यांनी हिशेबाचे काम केले आहे त्यांना ठाऊक आहे की महिनाअखेर तेरीज काढतात. एका बाजूला सगळ्या नावे रकमा, दुसऱ्या बाजूला सगळ्या जमा रकमा. दोन्ही बेरजा सारख्या आल्या पाहिजेत. त्या आल्या नाहीत की चूक आहे हे शंभर टक्के खरे. पण ती कोणत्या पानावर आहे, कोणत्या खात्यात आहे, हे तेरीज सांगत नाही. ते शोधण्यासाठी रोजकीर्द आणि खतावणी घेऊन बसावे लागते. ल्युकास यांची कसोटी म्हणजे तेरीज. त्यांनी सांगितले, जुळत नाही. चूक कुठे ते शोधायला पुढे सत्तावीस वर्षे गेली.

येथे आमची स्वतःची हकिकत सांगणे भाग आहे. नोकरीला लागून आम्हाला वर्षही झाले नव्हते. एका महिन्याच्या तेरजेत दोन हजार सातशे रुपयांचा फरक आला. त्या दिवसांत ही रक्कम आमच्या पगाराहून मोठी होती. वरिष्ठांनी खतावणी आमच्यापुढे टाकली आणि चारचौघांत म्हटले, ‘‘हिशेब हे तुमच्यासारख्यांचं काम नाही. फरक पगारातून भरा.’’ आम्ही उत्तर दिले नाही. रविवारी कार्यालय उघडण्याची परवानगी मागून घेतली आणि एकटे बसलो.

वाणिज्य शाखेत शिकत असताना आमच्या सरांनी एक युक्ती सांगितली होती. फरकाच्या रकमेला नऊने भागून पाहा. पूर्ण भाग गेला तर बहुधा दोन आकड्यांची अदलाबदल झाली आहे. ४५ च्या जागी ५४ लिहिले तर फरक ९. ७२ च्या जागी २७ लिहिले तर फरक ४५. नेहमी नऊच्या पाढ्यातलाच. एखादे शून्य गाळले तरी तसेच. ४,१०० च्या जागी ४१० लिहिले तर फरक ३,६९०, तोही नऊच्या पाढ्यातला. आमचे २,७०० नऊने भागले, ३०० आले. मग आम्ही सगळी व्हाउचरे न पाहता फक्त अदलाबदल होऊ शकेल अशाच रकमा पाहत गेलो. दुपारी तीनच्या सुमारास सापडले. व्हाउचर ४,१०० चे होते, खतावणीत १,४०० चढले होते. अक्षर आमचे नव्हते. सोमवारी आम्ही ते पान वरिष्ठांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी सही केली. बोलले काहीच नाहीत. आम्हीही काही बोललो नाही. त्या पानाने जे सांगायचे ते सांगितले होते.

असो. सदुसष्टाव्या घाताची चूक ज्यांनी सापडवून दिली त्यांचे नाव फ्रँक नेल्सन कोल. अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात कोलंबिया विद्यापीठात ते प्राध्यापक होते. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचे चिटणीसही होते. ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी सोसायटीच्या बैठकीत मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्यावर त्यांचे व्याख्यान होते. त्या व्याख्यानाची हकिकत पुढे बेल या गणितज्ञाने लिहून ठेवली, ती अशी. कोल उठून फळ्याजवळ गेले. एक शब्द न बोलता त्यांनी दोनचा सदुसष्टावा घात हाताने काढला. त्यातून एक वजा केला. मग फळ्याच्या कोऱ्या भागावर दोन संख्या लिहिल्या आणि शाळेत करतात तसा त्यांचा उभा गुणाकार केला. दोन्ही उत्तरे एकच आली. खडू ठेवला आणि जागेवर जाऊन बसले. सभागृहात टाळ्या झाल्या. प्रश्न एकानेही विचारला नाही. विचारायला काही उरलेच नव्हते.

त्या दोन संख्या अशा : १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७.

पुढे १९११ साली बेल यांनी कोल यांना विचारले की याला किती काळ लागला. त्यावर तीन वर्षांचे रविवार लागले, असे कोल यांनी सांगितल्याचे बेल लिहितात.

एवढा वेळ का लागला? एकेक संख्या घेऊन भाग लावत बसले असते तर आयुष्य पुरले नसते. त्यासाठी चाळणी लागते. पहिली चाळणी फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६४० साली खुद्द मर्सेन यांनाच पत्राने कळवली होती. घात मूळ संख्या असेल तर त्या घाताची दुप्पट करा. भाग जाणारी संख्या नेहमी त्या दुपटीच्या पाढ्यातल्या एखाद्या संख्येहून एकने जास्त असते. अकराचे उदाहरण घ्या. अकराची दुप्पट बावीस. २३ म्हणजे बावीस एके बावीस अधिक एक. ८९ म्हणजे बावीस चोक अठ्ठ्याऐंशी अधिक एक. बाकीच्या संख्यांकडे पाहायचेच नाही.

सदुसष्टची दुप्पट १३४. म्हणजे १३५, २६९, ४०३ अशा पायऱ्या चढत जायचे. हव्या असलेल्या संख्येपर्यंत किती पायऱ्या? चौदा लाख पंचेचाळीस हजार पाचशे ऐंशी. रोज शंभर भागाकार केले तरी जवळजवळ चाळीस वर्षे. आणखी एक नियम असा की भाग जाणाऱ्या संख्येला आठने भागले तर बाकी एक किंवा सातच उरली पाहिजे. त्याने पुष्कळ पायऱ्या गळतात. कोल यांनी याहूनही बारीक चाळण्या लावल्या आणि तरीही तीन वर्षांचे रविवार गेले.

आमच्या वर्गातील मुलांनी हे ऐकले आणि लगेच एकाने मोबाईल काढला. मोबाईलवरच्या गणकयंत्राने पहिले काही आकडे दाखवले आणि पुढे ‘ई २०’ लिहून सोडून दिले. एकवीस घरे त्याच्या पाटीवर मावेनात. मुले हसली. आम्ही म्हटले, आता हातानेच करा.

हा गुणाकार दिसतो तेवढा मोठा नाही. खालची संख्या नऊ आकडी असली तरी तिच्यात १ दोनदा येतो, ७ तीनदा येतो, एक शून्य आहे. म्हणजे पाचच ओळी काढायच्या. वाचकांनी घरी करून पाहावे म्हणून त्या येथे देत आहोत. ७६१८३८२५७२८७ या संख्येची

एकपट : ७६१८३८२५७२८७
दुप्पट : १५२३६७६५१४५७४
तिप्पट : २२८५५१४७७१८६१
सातपट : ५३३२८६७८०१००९
नऊपट : ६८५६५४४३१५५८३

या ओळी १९३७०७७२१ च्या आकड्यांप्रमाणे, उजवीकडून सुरुवात करून, एकेक घर डावीकडे सरकवत मांडायच्या आणि बेरीज करायची.

मुलांनी पाच गट केले. प्रत्येक गटाने एक ओळ घेतली. आमच्या त्या नववीतल्या मुलीकडे सातपट आली. तिने ती दोनदा केली, कारण पहिल्यांदा एक हातचा सुटला. ते तिला कसे कळले? नऊच्या ताळ्याने. ताळा म्हणजे आकड्यांची बेरीज करत जायचे, एक आकडा उरेपर्यंत. ७६१८३८२५७२८७ च्या आकड्यांची बेरीज ६४, सहा आणि चार दहा, एक आणि शून्य एक. म्हणजे ताळा एक. मग सातपटीचा ताळा सातच आला पाहिजे. तिचा सहा आला. तिने पुसले, पुन्हा केले, बावन्न आले, पाच आणि दोन सात. तिने कोणाला न विचारता मान डोलावली.

सगळ्या ओळी फळ्यावर चढल्या. बेरीज झाली. सुरुवातीचे आकडे १४७, वरच्याशी जुळले. शेवटचे २९२७, तेही जुळले. उत्तराचा नऊचा ताळा एक आला, जो यायला हवा तोच. मुलांनी टाळ्या वाजवल्या. खरे सांगायचे तर आम्हीही खडू खाली ठेवला होता.

परंतु मधले आकडे जुळत नव्हते आणि उत्तर वीसच आकडी होते. पुन्हा ताळा घेतला, पुन्हा बरोबर. पाच ओळी तपासल्या, पाचही बरोबर. आम्ही बुचकळ्यात पडलो.

त्या मुलीची आई दाराशी बसून साडीला फॉल लावत होती. त्या घरबसल्या फॉल-बीडिंगचे काम करतात. शाळा सातवीपर्यंत झाली आहे. सुई थांबवून त्या म्हणाल्या, ‘‘भाऊ, बाकीच्या ओळी जिन्यासारख्या एकेक घर सरकल्यात. त्या शून्याजवळ दोन घरं सरकायला नकोत का? तिथं पायरी कमी पडतीय.’’

तेच होते. १९३७०७७२१ मधल्या शून्याला ओळ नसते म्हणून मुलांनी त्याची जागाही सोडली नव्हती. शून्याला किंमत नाही, पण जागा आहे. आणि नऊच्या ताळ्याला ते दिसणारच नव्हते, कारण शून्य घातले काय, गाळले काय, आकड्यांची बेरीज तीच राहते. आमच्या कार्यालयातला फरक ज्या नियमाने सापडला, त्याच नियमामुळे येथे चूक लपली. फरक हाती असेल तर नऊचा भाग चोर दाखवतो. फरक ठाऊक नसेल तर नऊचा ताळा त्याच चोराला पाहत नाही. म्हणून ताळा चुकला तर उत्तर नक्की चूक, पण ताळा जुळला म्हणजे उत्तर नक्की बरोबर, असे समजू नये. हे आम्ही वीस-बावीस वर्षे खतावण्या तपासून विसरलो होतो. ते वहिनींनी दाराशी बसून दाखवले.

पुढच्या चार ओळी एकेक घर डावीकडे सरकवल्या. पुन्हा बेरीज केली. एकवीस आकडे, एकूण एक जुळले. या वेळी टाळ्या वाजल्या त्या वहिनींसाठी. त्यांनी पदर तोंडाशी धरला आणि पुन्हा सुई हातात घेतली.

वाचकहो, या संख्येत शिकण्यासारखे काय आहे ते आता ध्यानात आले असेल. दोन संख्यांचा गुणाकार करायला आमच्या मुलांना एक सकाळ लागली, चुकीसह. पण गुणाकार हाती असताना त्या दोन संख्या परत शोधायला एका प्राध्यापकाचे तीन वर्षांचे रविवार गेले. एका दिशेने वाट सोपी, उलट दिशेने चढण. हीच गोष्ट पुढे मोठ्या कामाची ठरली. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी गुप्त संदेशाची एक पद्धत काढली, ती तिघांच्या आद्याक्षरांवरून आरएसए म्हणून ओळखली जाते. दोन खूप मोठ्या मूळ संख्या घ्यायच्या, त्यांचा गुणाकार जगाला सांगायचा आणि त्या दोन संख्या स्वतःजवळ ठेवायच्या. गुणाकार पाहूनही चोराला किल्ली सापडत नाही. त्याच साली त्यांनी एक १२९ आकडी संख्या आव्हान म्हणून प्रसिद्ध केली. तिचे अवयव पाडायला १९९४ साल उजाडले. २०२० साली २५० आकडी संख्येचे अवयव पाडले गेले. म्हणून आता सहाशेहून अधिक आकड्यांच्या संख्या वापरतात. संगणकावरून होणारे बँकेचे व्यवहार सुरक्षित राखण्यासाठी ही पद्धत आजवर मोठ्या प्रमाणावर वापरली गेली आहे. आपल्या एकवीस आकड्यांचे अवयव मात्र आजचा साधा संगणकही क्षणात पाडतो.

मर्सेन यांच्या जातीच्या मूळ संख्यांचा शोध अजून चालू आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर झालेली सर्वात मोठी ज्ञात मूळ संख्या म्हणजे दोनचा १३,६२,७९,८४१ वा घात वजा एक. तिच्यात ४,१०,२४,३२० आकडे आहेत. हे काम एकट्या विद्यापीठाचे नाही. जगभरातील हौशी माणसे आपापल्या संगणकाचा वेळ देऊन ते करतात.

शोधणे सगळ्यांना जमेल असे नाही. त्याला चाळण्या लागतात, वर्षे लागतात, आणि कोणाला तरी ते करावेच लागते. पण कोणी काही शोधले, कोणी काही छापले, कोणी आपल्यापुढे खतावणी टाकली, तर ती तपासून पाहणे प्रत्येकाला जमते. त्याला पाढे लागतात, कागद लागतो आणि बसायची तयारी लागते. माणूस मोठा आहे म्हणून त्याचा आकडा बरोबर, किंवा आपण लहान आहोत म्हणून आपला चूक, असे गुणाकार म्हणत नाही. रेशनचे बिल, सोसायटीचे व्याज, पगाराची पावती, भिशीची वही, सगळ्यांना हेच लागू आहे. घरातल्या मुलींना हे हिशेब करू द्यावेत. चुकल्या तर रागावू नये. ताळा घ्यायला शिकवावा, आणि ताळा कुठे फसतो तेही सांगावे.

त्या मुलीच्या गणिताचे गुण एका रविवारी वाढले असे आम्ही म्हणणार नाही. पुढच्या चाचणीत तिला वीसपैकी नऊ मिळाले. पण गेल्या रविवारी ती एक पान घेऊन आली. त्यावर तिने दोनचा तेविसावा घात काढून एक वजा केला होता : ८३,८८,६०७. खाली चाळणी लावली होती, तेविसाची दुप्पट सेहेचाळीस, अधिक एक सत्तेचाळीस. आणि भागाकार : १,७८,४८१, बाकी शून्य. पहिल्याच पायरीला सापडले. खाली उलटा गुणाकार करून ताळाही घेतला होता.

‘‘बरोबर आहे का काका?’’ असे तिने विचारले नाही. ‘‘पुढचा कोणता घेऊ?’’ असे विचारले.

आम्ही तिला एकोणतिसावा घात दिला आहे. वाचकांच्या घरातील मुलांसाठीही तोच देत आहोत. संख्या आहे ५३,६८,७०,९११. एकोणतिसाची दुप्पट अठ्ठावन्न. चार पायऱ्यांच्या आत भाग जातो. पण आमच्या शब्दावर विश्वास ठेवू नका, करून पाहा.